मला वाफ देऊ नका

जरा हळू. मला धरलेला हात कोरडा आहे ना? मग हरकत नाही. मी फोटो बोलतोय. जुना, काळा-पांढरा, काचेला चिकटलेला आणि जन्माचा भित्रा. भित्रा म्हटलंत तरी मी रागावणार नाही. माझ्या जागी तुम्ही असता तर तुमचीही पाचावर धारण बसली असती. पाणी, ऊन, वाफ, डिंक, झुरळं, कागद खाणारी ती चपळ रुपेरी कसर, लहान मुलांची बोटं आणि मोठ्या माणसांचं प्रेम, यांतलं कुठलंही एक मला संपवायला पुरेसं आहे. त्यातही शेवटच्या गोष्टीची मला सगळ्यांत जास्त धास्ती वाटते. का, ते ऐका.

माझ्यात एक बाई आहे. तरुण आहे, केस मानेवर कसेबसे बांधलेले, अंगात हातानं विणलेला स्वेटर आणि त्याच्या बाह्या कोपरापर्यंत वर सारलेल्या. इस्त्रीच्या टेबलाला टेकून ती उभी आहे आणि खळखळून हसतेय. हसताना तिचा एक हात हलला, त्यामुळे तो धूसर आलाय. बाकी सगळं लख्ख आहे. पुढच्या दोन दातांमधली बारीक फटसुद्धा दिसते.

ही बेबीची आई. बेबी रांगायला लागायच्या आत ती आजारपणात गेली. बेबीला आईचा आवाज आठवत नाही, स्पर्श आठवत नाही, काही म्हणजे काहीच आठवत नाही. आईचा चेहरा म्हणून तिच्यापाशी जे काही आहे तो मी. एवढं मोठं ओझं एका पातळ कागदावर टाकून माणसं बिनघोर कशी झोपतात, याचं मला नेहमी नवल वाटतं. मी तर कधी झोपलोच नाही.

माझा जन्म झाला तांबड्या दिव्याखाली, औषधाच्या पाण्यात. पाण्यात जन्मलेल्यानं पाण्याला भ्यावं, हे ऐकून तुम्ही हसाल. पण ते पाणी वेगळं होतं, मोजूनमापून घेतलेलं, आणि त्यातून मला काढणारे चिमटेही तसेच हलके होते. आमच्या अंगावर एक अगदी पातळ चिकट थर असतो. माणूस त्या थरात असतो, खालच्या कागदात नसतो. थर वाळला की चेहरा पक्का बसतो. पुन्हा ओला झाला की फुगतो, बुळबुळीत होतो, आणि जे समोर येईल त्याला मिठी मारतो. एवढं आमचं शरीरशास्त्र लक्षात ठेवा, म्हणजे पुढे मी का किंचाळतोय ते कळेल.

त्या दिवशी माझ्यासोबत आणखी एक जण जन्मला. लाँड्री नवीन उघडली होती आणि शेजारच्या स्टुडिओवाल्यानं हौसेनं दोन फोटो काढले होते, एक तिचा आणि एक तिच्या नवऱ्याचा. तो दुसरा म्हणजे माझा जुळा. दोरीला चिमट्यानं आम्ही शेजारी शेजारी लटकलो, टपटप गळत. त्याच्यातला माणूस छाती पुढे काढून उभा होता, हातात इस्त्री, मिशी कोरलेली, आणि चेहरा असा गंभीर की जणू लढाईवर निघालाय. मला तेव्हाही त्याचं हसू आलं होतं. आम्ही फोटो एकमेकांशी बोलत नाही, पण ओळख ठेवतो.

त्या मिशीवाल्याला गल्लीत सगळे डागमास्तर म्हणतात. शाई असो, तेल असो, गंज असो, मास्तर कपडा उजेडात धरणार, नाकाशी नेणार, बोटानं चाचपणार आणि म्हणणार, "जाईल." आणि तो डाग खरंच जायचा. एखादा नाहीच गेला तर मास्तर त्याला स्वतःचा अपमान समजायचे. पुढे मला जे भोगावं लागलं, त्याच्या मुळाशी हा स्वभाव होता.

सुरुवातीची वर्षं आम्ही दोघं काउंटरच्या खणात होतो, सुट्या बटणांच्या डब्याखाली. अंधार, कोरडी हवा, वर बटणांचा थोडासा भार. तेव्हा मला वाटायचं, काय हे नशीब, कोणी बघतसुद्धा नाही. आता कळतं की तेच माझे सुखाचे दिवस होते. मग ती गेली. मास्तरांनी खण उघडला, मला एकट्याला बाहेर काढलं आणि छातीशी धरलं. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या कडेवर पडलं. त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी काही बोललो नाही, पण माझ्या काळजात धस्स झालं.

मला फ्रेममध्ये घातलं गेलं. फ्रेमवाल्यानं काच थेट माझ्या तोंडावर ठेवली. कडेनं पुठ्ठ्याची एक पट्टी घातली असती तर काच आणि मी यांच्यात श्वास घ्यायला जागा राहिली असती. पण "पट्टीनं चेहरा लहान दिसतो," असं त्याचं म्हणणं पडलं, आणि मास्तरांनीही मान डोलावली. मग प्रश्न आला, लावायचं कुठे. घरात चार कोरड्या भिंती होत्या. पण मास्तरांचा सगळा दिवस दुकानात जायचा, म्हणून त्यांनी मला दुकानात लावलं, बरोबर इस्त्रीच्या टेबलावर. खाली दिवसभर वाफ सुटायची आणि माझ्या काचेवर येऊन बसायची. ज्या बाईला ते एक घटकाही नजरेआड होऊ देणार नव्हते, तिला त्यांनी नेमक्या त्या जागी टांगलं जिथे ती टिकणं सगळ्यांत कठीण होतं.

आणि मग ते ओलं फडकं. रोज सकाळी दुकान उघडलं की बॉयलर लावायच्याही आधी मास्तर स्टुलावर चढायचे आणि पाण्यात बुडवलेलं फडकं माझ्या काचेवरून फिरवायचे. वरून खाली, मग कडा, मग कोपरे. तोंडानं हळू काहीतरी पुटपुटायचे, "आज कोट फार आलेत गं," असलं काहीतरी. किती माया होती त्या हातात! आणि त्या मायेचं पाणी काचेवरून ओघळून फ्रेमच्या खालच्या खाचेत शिरायचं आणि तिथेच मुरायचं. मी रोज सकाळी जीव मुठीत धरून बसायचो. बाकीच्यांना फडकं फक्त काच पुसताना दिसायचं.

त्या खणातल्या जुळ्याचं मात्र बरं चाललं होतं. त्याला कोणी पुसलं नाही, कोणी भिंतीवर मिरवलं नाही, कोणी त्याच्यासमोर रडलं नाही. बटणं घ्यायला खण उघडला की मला वरून त्याचा एक कोपरा दिसायचा, पांढराशुभ्र, अगदी नव्यासारखा. मला त्याचा हेवा वाटायचा.

या घरात मी एकटाच होतो असंही नाही. एक जाडजूड आल्बम होता. त्यात आईचे आणखी कितीतरी फोटो होते, लहानपणापासूनचे. मास्तरांची धाकटी बहीण, म्हणजे बेबीची आत्या, भारी व्यवस्थित. खाली उंदीर कुरतडतील या धास्तीनं तिनं तो आल्बम प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळला, पिशवीला गाठी मारल्या आणि तो दुकानाच्या पोटमाळ्यावर ठेवला. पोटमाळ्यावर, बॉयलरच्या नळीच्या अगदी शेजारी! नळी एका जोडाशी गळत होती. पिशवीत पाणी शिरायला जागा सापडली, बाहेर पडायला सापडली नाही. पुढे केव्हातरी पिशवी खाली काढली तेव्हा आतमध्ये आल्बम नव्हता, एक वीट होती. सगळे एकमेकांच्या मिठीत घट्ट.

आत्यानं सुरी आणली. पानांच्या मध्ये सुरी घालून ती एकेक सोडवायला गेली. तो आवाज मी भिंतीवरून ऐकला. ओलं कापड टरकावं तसा, पण हळू. एकाचा चेहरा दुसऱ्याच्या पाठीला लागून निघत होता. छोटी बेबी टेबलाशी उभी राहून विचारत होती, "यातली आई कुठली?" आणि आत्या हमसाहमशी रडत म्हणत होती, "सापडेल हं बाळा, सापडेल." सापडली नाही. त्या दिवसापासून मी एकटा उरलो, आणि त्या दिवसापासून माझी भीती दुप्पट झाली.

बेबी मोठी झाली. आता ती शाळेत शिकवते, पोरांना दटावते, चष्मा लावते, तरी घरात बेबीच आहे. लहानपणी ती स्टुलावर चढून माझ्यासमोर तोंड वासायची आणि हातातल्या आरशात स्वतःचे दात बघायची. तिच्याही दातांत फट आहे. वर्गातल्या मुली चिडवायच्या तेव्हा दुकानात येऊन ती माझ्याकडे बघायची आणि गप्प व्हायची. मोठी झाल्यावरही शाळेतून दुकानात आली की पिशवी खाली ठेवायच्या आधी तिची नजर वर जायची. एक क्षणच. पण तो चुकला तर तिला चैन पडत नसे. मला तिची ती नजर आवडायची. त्या नजरेत पाणी नसायचं, हे एक कारण, आणि दुसरं कारण म्हणजे ती निघून गेल्यावरसुद्धा मला थोडा वेळ भीती वाटायची नाही.

मग एका सकाळी मला जाणवलं की माझी खालची कड हलत नाहीये. हवा कोरडी झाली की मी किंचित आक्रसतो, दमट झाली की सैलावतो. ही माझी रोजची हालचाल. पण त्या सकाळी स्वेटरच्या बाहीपासून हनुवटीपर्यंत मी काचेला घट्ट धरलं होतं. बाहेरून तिथे एक काळसर, चकचकीत ठिपका दिसू लागला. मास्तरांनी तो पाहिला. मला वाटलं, आता कळेल, आता मला खाली उतरवतील. पण मास्तर पडले डागमास्तर! त्यांनी डोळे बारीक केले, बोटानं काच चाचपली आणि म्हणाले, "जाईल." आणि फडकं आणखी ओलं करून ते खसाखसा घासायला लागले. काचेच्या आतला डाग ते बाहेरून काढत होते. जितकं घासत तितका तो पसरत होता, आणि तो पसरतोय म्हणून ते आणखी घासत होते. मी ओरडून ओरडून दमलो. फोटोचं ओरडणं कोणाला ऐकू जातंय!

अखेर व्हायचं तेच झालं. दमट भिंतीत खिळा ढिला झाला आणि मी फ्रेमसकट इस्त्रीच्या टेबलावर कोसळलो. काचेला तडा गेला, एका कोपऱ्यातून निघून थेट तिच्या गालाजवळून. कोपऱ्यातली काचेची एक कपची सुटली आणि माझ्यातल्या टेबलाचा पाय घेऊन गेली. टेबलाचा पाय गेला तर गेला, पण तड्याच्या दोन्ही बाजू आता दात विचकून तिच्या चेहऱ्याशी उभ्या होत्या. कोणी मला नीट न उचलता हलवलं असतं तरी ओरखडा उठला असता.

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी मला पांढऱ्या चादरीवर आडवं ठेवण्यात आलं. मास्तर, बेबी आणि आत्या तिघंही भोवती उभे. मला आल्बमची वीट आठवली. नेमकं हेच टेबल, हीच माणसं.

"बाबा, काच बदलायलाच हवी," बेबी म्हणाली. "हा तुकडा सरकला तर आईच्या गालावर चरा पडेल."

"बदलू की. त्यात काय एवढं," मास्तर म्हणाले.

बेबीनं फ्रेम पालथी केली, मागचे खिळे काढले, पुठ्ठा काढला. मग नखानं माझी वरची कड उचलली. वरून मी सहज निघालो. केस आले, कपाळ आलं. मग ती खाली आली आणि मी अडलो. तिनं अगदी थोडं ओढलं. अगदी थोडं. एक बारीकसा आवाज झाला आणि स्वेटरच्या बाहीचा एक तुकडा काचेवरच राहिला. माझ्याकडे तिथे पांढरा कागद उरला.

"थांब, थांब, थांब!" आत्या किंचाळली. चटका बसावा तसे बेबीनं हात मागे घेतले.

बेबीच्या ओठांचा रंग उडाला होता. बाहीनंतर हनुवटी होती आणि हनुवटीनंतर ते हसू.

"वाफ देऊ," मास्तर म्हणाले.

माझं सगळं अंग बधिर झालं.

"वाफेनं काय वाटेल ते सुटतं," ते सांगत होते. आता त्यांना धीर आला होता, कारण ही त्यांच्या माहितीतली गोष्ट होती. "कोटाच्या आतलं चिकटकापड सुटतं, कॉलरचा डिंक सुटतो, पाकीट सुटतं. आयुष्यभर तेच केलंय मी. वाफेला जोर लागत नाही, बेबी. ओढायचं नाही, ताणायचं नाही. आपोआप सुटतं."

"दादा, माझ्या सुरीसारखं होऊ देऊ नकोस रे," आत्या म्हणाली.

"सुरी आणि वाफ एक आहे का?"

"बाबा, नक्की ना?" बेबीनं विचारलं. तिला नको म्हणायचं होतं, पण दुसरं काय करायचं हेही तिला माहीत नव्हतं. मी तिच्याकडे पाहत होतो. नको म्हण गं, एकदा नको म्हण.

मास्तरांनी इस्त्रीत पाणी भरलं. दिवा लागला. पाणी तापू लागलं आणि मग तो ओळखीचा फुत्कार आला, जो मी इतकी वर्षं वरून ऐकत होतो. आता तो माझ्यासाठी होता. गरम वाफ लागली की माझा थर नुसता मऊ होत नाही, तो वितळतो. काच सुटेल हे खरं. फक्त सुटल्यावर कागदावर कोणी नसेल. मास्तरांनी इस्त्री उचलली. वाफेचा पहिला दमट झोत हवेतून माझ्या कपाळावरून गेला. मी त्या बाईला मनातल्या मनात म्हटलं, मला माफ कर, माझ्यानं तुला धरवत नाही.

इस्त्री तिथेच थांबली. मास्तर माझ्याकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी इस्त्री खाली ठेवली.

"आधी आतल्या शिवणीवर," ते म्हणाले.

हा त्यांच्या धंद्याचा शिरस्ता. नवं औषध असो, नवा कपडा असो, वाफ असो, ते कधी थेट डागावर जायचे नाहीत. कपडा उलटा करून आतल्या शिवणीला, जिथे कोणाला दिसणार नाही तिथे, आधी करून बघायचे. गिऱ्हाईक घाई करायला लागलं तरी ते आपला शिरस्ता सोडत नसत.

"फोटोला कुठली आलीय आतली शिवण?" बेबी म्हणाली.

मास्तर काउंटरकडे गेले. खण उघडला, बटणांचा डबा बाजूला केला आणि काहीतरी काढलं. ते पालथं धरूनच घेऊन आले. "एक जुना फोटो पडलाय. त्यावर बघू. कागद याच जातीचा आहे."

मी पांढराशुभ्र कोपरा पाहिला आणि ओळखलं.

डाग काढून बघायचा तर आधी तसाच डाग पाडायला हवा, हे मास्तरांचं पक्कं गणित. त्यांनी माझ्या जुळ्याला पाण्यात बुडवलं, काचेच्या एका तुकड्यावर पालथं दाबलं, वर कागद घातला आणि त्यावर जुनी लोखंडी इस्त्री ठेवली. "वाळू दे नीट. पुढच्या सुट्टीला बघू." सगळं इतक्या झटपट केलं की त्यात कोण आहे हे बेबीला दिसलंच नाही. मध्ये एकदा तिनं वजन उचलून बघायला हात पुढे केला, तर ते खेकसले, "राहू दे, हलेल ते." बेबीशी ते कधी खेकसून बोलत नसत.

तो सगळा आठवडा मी चादरीवर झाकून पडून होतो आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला तो लोखंडाखाली पडून होता. ज्यानं आयुष्यभर काही सोसलं नाही, त्याला माझं सगळं दुखणं एका आठवड्यात दिलं जात होतं. मला त्याच्यासाठी भीती वाटत होती आणि लाज वाटत होती, कारण आतून मी सुटकेचा श्वासही टाकला होता. मी नाही, तो आहे, असं मला सारखं वाटत होतं. असं वाटणं चांगलं नाही हे कळत होतं, तरी वाटत होतं.

पुन्हा सुट्टी आली. पुन्हा तिघं. जुळा काचेला घट्ट चिकटला होता, थेट माझ्यासारखा. मास्तरांनी काच पालथी धरून मागून वाफ दिली. थोड्या वेळानं एक कड सैल झाली.

"सुटतंय!" बेबी म्हणाली. "बाबा, सुटतंय!"

मास्तर हसले नाहीत. ते वाफ देत राहिले. अर्धा कागद वर आला, मग उरलेला, आणि मग तो कागद काचेवरून अलगद निघाला. मास्तर म्हणाले होते तसाच, न ओढता, न ताणता. त्यांनी तो सरळ केला. त्यावर चेहरा होता, पण जागेवर नव्हता. मिशी गालावरून खाली घसरत होती. डोळे वितळून एकमेकांत मिसळत होते. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत कपाळ, नाक, छाती, सगळं राखाडी सायीसारखं होऊन कडेला जमा झालं आणि टेबलावर टपकलं.

"बंद करा! बाबा, इस्त्री बंद करा!"

इस्त्री बंद झाली. मास्तर त्या कागदाकडे बघत होते. "झालं," ते म्हणाले. "बरं झालं आधी बघितलं. हिला वाफ नाही द्यायची."

बेबी मटकन स्टुलावर बसली. तिचा जीव भांड्यात पडला होता. मग तिनं विचारलं, "कोणाचा होता हा?"

"असेल कोणाचा तरी. एखाद्या गिऱ्हाइकाच्या खिशात राहिलेला."

कागदाचा खालचा एक कोपरा तेवढा वाचला होता. त्यात एक मूठ होती आणि मुठीत इस्त्री. आत्या वाकून ते बघत होती. तिनं पदरानं डोळे टिपले, पुन्हा बघितलं.

"दादा," ती म्हणाली, "हा तुझा होता ना रे? दुकान उघडलं तेव्हाचा? दोघांचे एकाच दिवशी काढलेले?"

मास्तर फडक्यानं टेबल पुसायला लागले. पुसता पुसता हात थांबला, कारण फडक्यावर काय येतंय हे त्यांच्या लक्षात आलं.

"तुमचा?" बेबी उठली. "तुमचा तरुणपणचा फोटो होता? आणि मला माहीतच नाही? आल्बम गेला तेव्हा तुमचेही सगळे गेले म्हणाला होतात ना?"

"खणात राहिला होता एक. कोण बघतंय त्याच्याकडे."

"मी बघितलं असतं! मला निदान दाखवायचा होता बाबा, एकदा!"

"दाखवला असता तर तू मला हे करू दिलं असतंस?"

बेबी लहान मुलीसारखी रडायला लागली आणि मास्तर तिच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले. मोठ्यांदा रडली बेबी. आईसाठी ती कधी अशी रडली नव्हती, कारण आईला तिनं गमावलं तेव्हा तिला कळत नव्हतं. हे तिच्या समोर गेलं होतं.

"कसे दिसत होतात तुम्ही?" शेवटी तिनं विचारलं. "सांगा तरी."

मास्तरांनी विचार केला. मग त्यांनी माझ्यावरची चादर बाजूला केली.

"हिच्याकडे बघ," ते म्हणाले. "फोटोवाला हिला सारखा सांगत होता, हसू नका, सरळ बघा. आणि मी त्याच्या पाठीमागे उभा राहून वेडीवाकडी तोंडं करत होतो. माझ्या फोटोत मी उगाच ताठ उभा होतो गं, तो काही खरा नव्हता. मी कसा होतो ते तिच्या तोंडावर आहे."

बेबी खाली वाकली. तिच्या श्वासाची ऊब तड्यातून मला लागली, आणि खरं सांगतो, त्या वेळी दमटपणाचा विचार माझ्या मनात आला नाही. ती मला आयुष्यभर बघत आली होती, पण या खेपेला ती तिच्या आईकडे बघत नव्हती. आई जिकडे बघतेय तिकडे बघत होती.

नंतर मला सपाट पुठ्ठ्यावर ठेवून, गाडी हळू हाकायला सांगून, एका स्टुडिओत नेलं. तिथली बाई फार बोलणारी नव्हती. "सोडवायचा नाही," ती म्हणाली. "काच आता याच्या अंगाचाच भाग आहे." तिनं काचेसकट माझी नक्कल काढली. मग तडा हलू नये म्हणून मला दुसऱ्या काचेवर निजवलं, मागे स्वच्छ कोरा कागद घातला आणि चपट्या खोक्यात ठेवून दिलं. आता मी घरातल्या कपाटात आहे, वरच्या कप्प्यात, बाहेरच्या भिंतीपासून लांब. नक्कल दुकानात लावलीय, पुठ्ठ्याची पट्टी घालून, टेबलाच्या समोरच्या भिंतीवर. तिला कोरड्या फडक्यानं पुसतात म्हणे.

तुम्हाला वाटेल, आता याची भीती गेली असेल. नाही गेली. माझी बाही गेलीय, टेबलाचा पाय गेलाय, गालाशी तडा आहे, आणि माझा थर अजून तितकाच पातळ आहे. उलट आता जास्त घाबरतो. तुमच्या घरीही माझे कोणी भाऊबंद असतील. त्यांच्यावर जीव असेल तर त्यांना ओल्या हातानं कुरवाळू नका, काच त्यांच्या तोंडाला लावू नका, आणि ते कुठे चिकटले असतील तर शहाणपणा करून ओढू नका. वाफ तर मुळीच नको.

आणि मला बघायला काढलंत तर दोन्ही हातांनी धरा. आधी माझ्यात एकच माणूस होतं. आता दोन आहेत, त्यातलं एक दिसत नाही, आणि ती हसायची थांबली तर दोघंही जातील.